पदरमोडीचे ग्रंथ

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले, की आमच्या महाडातल्या कितीतरी घरांत भिंतीवरची एक रेघ दिसते. चुना द्या, रंग चढवा. पुसट का होईना, ती राहतेच. २०२१ च्या जुलैत सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्या गावात शिरल्या, तेव्हा पाणी कुठवर चढले होते याची ती खूण. त्याच पावसात आमच्याच तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला. तिथल्या माणसांनी जे गमावले, त्यापुढे एका पुस्तकांच्या पेटीची गोष्ट काढायची लाज वाटे. म्हणून ती मी तेव्हा कुणापाशी बोललो नाही. आज बोलतो, कारण त्या पेटीने मला एक धडा शिकवला आणि तो माझ्या एकट्यापुरता नाही.

पेटी सागवानी, वडिलांच्या वेळची, पलंगाखाली असे. पाणी ओसरल्यावर उघडली, तो आत पुस्तके अशी उरलीच नव्हती. चिखलात कालवलेला कागदाचा लगदा होता. अरुण कोलटकरांच्या कवितासंग्रहाचे नाव ‘भिजकी वही’. माझी प्रत खरोखरच तशी झाली, हा विनोद त्या दिवशी मला सुचला आणि त्याचे हसूही आले नाही. पुढे चार पैसे हाताशी आले तशी मी यादी केली आणि गेलेली पुस्तके पुन्हा जमवू लागलो. नावाजलेल्या पेढ्यांची पुस्तके तीन महिन्यांत परत आली. काही पुस्तके मात्र येईनात. कुठे आवृत्ती संपलेली. कुठे प्रकाशक वारलेले आणि मुलगा दुसऱ्या धंद्यात. कुठे दूरध्वनी नुसताच वाजत राहिलेला. आणि नवल असे, की जी पुस्तके येत नव्हती त्यांतली बरीचशी आमच्याच महाड-पोलादपूरच्या मातीतली होती!

त्याच सुमारास वर्गात एक प्रसंग घडला. मी पोलादपुराकडे शिकवतो. २० मार्चचा दिवस होता, म्हणून नेमलेला धडा बाजूला ठेवून मी मुलांना चवदार तळ्याची हकीकत सांगितली. मुले तन्मय होऊन ऐकत होती. सांगून झाल्यावर डोंगरातल्या वाडीवरून चालत येणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, पन ह्ये लिवून कुनी ठेवलं?”

“इतिहासकारांनी,” मी म्हणालो. मुलगी खाली बसली. पण संध्याकाळी एस.टी.त खिडकीशी बसून सावित्रीच्या काठाने महाडला परत येताना ते उत्तर मला बोचू लागले. ते खोटे नव्हते. पण अर्धेमुर्धे होते. इतिहासकार लिहितो खरा; पण त्याच्याआधी कुणीतरी साक्ष लिहून ठेवलेली असावी लागते, आणि ती लिहिलेली साक्ष कुणीतरी छापलेली असावी लागते. छापणारा कागदाचे पैसे देतो. ते पैसे कुणी दिले? हा प्रश्न मी आजवर स्वतःलाही विचारला नव्हता. त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर आज या पानांवर देत आहे.

हल्ली ‘स्वतंत्र प्रकाशक’ असा एक शब्द रूढ झाला आहे. ज्याच्यामागे सरकार नाही, विद्यापीठ नाही, धनाढ्य पेढी नाही, आणि तरीही ‘हे पुस्तक आले पाहिजे’ म्हणून जो ते काढतो, तो स्वतंत्र प्रकाशक. शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. आपल्या आजोबांनी तिला ‘पदरमोड’ हा साधा शब्द योजला असता. वाचकहो, तुमच्या हातातला हा दिवाळी अंकसुद्धा त्याच परंपरेतला! १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तो काही कुणाच्या हुकुमावरून काढला नव्हता. जोतीराव फुल्यांची गोष्ट तर त्याहून जुनी. ‘दीनबंधु’ हे त्यांच्याच विचारांचे पत्र; पण ‘शेतकऱ्याचा असूड’ या त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन भाग छापून त्या पत्रानेही हात आखडता घेतला. जवळच्या माणसाच्या छापखान्याचे दारसुद्धा एखादे वेळी बंद होते आणि लिहिणाऱ्याला स्वतःची वाट काढावी लागते, हे मराठीत १८८३ सालापासून ठाऊक आहे.

आता आमच्या तालुक्याकडे वळू.

महाडजवळ रावढळ म्हणून गाव आहे. तिथले गोपाळबाबा वलंगकर हे लष्करात नोकरी करून १८८६ साली निवृत्त झालेले गृहस्थ. जातीने महार, विचाराने जोतीरावांच्या वाटेवरचे. निवृत्त माणूस घराची डागडुजी करतो, देवधर्म करतो. वलंगकरांनी लेखणी उचलली. ‘दीनबंधु’त लिहिले, ‘सुधारक’मध्ये लिहिले आणि १८८८ च्या सुमारास ‘विटाळ विध्वंसन’ हे लेखन छापून प्रसिद्ध केले. अस्पृश्यता कुठून आली, कोणत्या शास्त्राने आली, हे त्यांनी समाजातल्या थोरामोठ्यांना प्रश्नांच्या रूपाने विचारले. पुढे १८९५ साली महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसण्यावरून इतर सभासदांत केवढी नाराजी पसरली! १९०० साली ते वारले. चवदार तळ्यावर माणसे पोचण्याच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी महाडच्या एका निवृत्त शिपायाने तोच प्रश्न शाईने विचारून ठेवला होता. तो छापला गेला नसता, तर वलंगकर हे नाव रावढळच्या चार घरांपलीकडे आज कुणाला ठाऊक असते?

कुणी म्हणेल, गरिबाला छापखाना मिळाला नाही यात नवल ते काय? राजाश्रय असता तर असे झाले नसते. त्याचे उत्तर पोलादपुरात आहे. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी दाखवतात. हे मूळचे नेवाशाचे. शिवछत्रपतींचे चरित्र सांगणारे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य त्यांचे. साक्षात छत्रपतींचा कवी. त्याला राजाश्रयाची काय वाण? पण काव्य अपुरे मिळते. एकतीस अध्याय होऊन बत्तिसावा सुरू होतो न होतो, तोच तुटते. आणि ते छापून मराठी वाचकांच्या हाती पडायला अडीचशे वर्षे जावी लागली. सदाशिव महादेव दिवेकरांनी तंजावरच्या हस्तलिखितावरून ते संपादित केले आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्धीस आणले. हे मंडळही सभासदांच्या वर्गण्यांवर आणि देणग्यांवर उभे राहिलेले. राजाश्रय राजाबरोबर जातो, हस्तलिखिताला वाळवी लागते. ग्रंथ टिकतो तो त्याच्यासाठी झिजणाऱ्या माणसांमुळे.

दिवेकरांचे हे ‘शिवभारत’ छापून आले ते साल १९२७.

हे साल उच्चारले, की महाडचा माणूस क्षणभर थबकतो. कारण त्याच वर्षी १९ आणि २० मार्चला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० तारखेला डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली, पाणी प्यायली. त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालच्या ऑगस्टात मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने सुरेंद्रनाथ टिपणीसांच्या पुढाकाराने १९२४ च्या जानेवारीत तसाच ठराव केला. ठराव कागदावर होता. तळे मात्र होते तिथेच आणि होते तसेच. माणसे पाणी प्यायली तेव्हा तो ठराव खरा झाला. त्यावर गावात मारहाण झाली, पुढे तळ्याची ‘शुद्धी’ झाली, डिसेंबरात पुन्हा परिषद भरून २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले, तळ्याचा दावा कोर्टात गेला आणि १९३७ च्या १७ मार्चला उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. २०२७ साली तळ्यावरच्या त्या दिवसाला शंभर वर्षे होतात.

ही हकीकत मी वर्गात नेहमी सांगतो. पण त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी ती निराळ्या बाजूने पाहू लागलो. सत्याग्रह २० मार्चला झाला. ३ एप्रिलला, म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांनी, डॉ. आंबेडकरांनी मुंबईहून ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. दुसऱ्याने लिहिलेल्या हकीकतीवर विसंबून राहायचे नाही, हे त्यामागचे धोरण स्पष्ट दिसते. पण पत्र चालवणे म्हणजे काय हे पाहा. लिहायला माणूस नाही, पगार द्यायला पैसा नाही. चोवीस-चोवीस रकाने संपादकाने एकट्याने भरून काढायचे, तेही वकिली, शिकवणे आणि चळवळ सांभाळून. वर्गणीदार गरीब, त्यांची वर्गणी वेळेवर यावी कशी? १९२९ च्या नोव्हेंबरात पत्र बंद पडले. पण त्या अडीच वर्षांच्या अंकांत महाड जसेच्या तसे उतरले आहे. आज महाडवर कुणीही काही लिहो, त्याला त्या अंकांशी यावेच लागते.

पुढे १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, भाषणाचा मसुदा वाचून मंडळाचे धाबे दणाणले आणि परिषदच रद्द झाली. न झालेले ते भाषण डॉ. आंबेडकरांनी स्वतःच्या खर्चाने छापले. प्रती १५००. त्या दोन महिन्यांत संपल्या आणि वर्षभरात गुजराती व तमिळ भाषांतरे निघाली. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे ते पुस्तक. त्याची सटीप आवृत्ती २०१४ साली दिल्लीच्या नवयाना या छोट्या प्रकाशनाने काढली. आज जगातल्या विद्यापीठांत हे पुस्तक शिकवतात. ते आधी जगासमोर आले ते पंधराशे प्रतींच्या पदरमोडीतून.

डॉ. आंबेडकरांचे चरित्रकार धनंजय कीर यांचीही गंमत अशीच आहे. रत्नागिरीचा माणूस, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पोटासाठी मुंबई महापालिकेत कारकुनी. त्यांच्या इंग्रजी आंबेडकर-चरित्राची पहिली आवृत्ती १९५४ साली निघाली. तिच्यावर प्रकाशक म्हणून नाव आहे ए. व्ही. कीर. हा कोण बुवा, असे मला पूर्वी वाटे. धनंजय हे लेखणीचे नाव. पाळण्यातले नाव अनंत विठ्ठल कीर! लेखक तेच, प्रकाशक तेच. पुढे पॉप्युलर प्रकाशनाने तो ग्रंथ घेतला आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. पण पहिल्या वेळचा धोका लेखकानेच पत्करला होता. मीही मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, तेव्हा हे कळल्यावर मला किती हुरूप आला असेल ते सांगायला नको.

‘बहिष्कृत भारत’चे अंक पुढे दुर्मीळ झाले. जुने कार्यकर्ते ते देवघरातल्या पोथीसारखे जपत. पण नव्या वाचकाने काय करावे? १९७६ साली रत्नाकर गणवीरांनी त्यातले अग्रलेख एकत्र केले आणि भुसावळच्या रत्नमित्र प्रकाशनाने ते पुस्तकरूपाने काढले. महाराष्ट्र सरकारने ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचे अंक वसंत मून यांच्या संपादनाखाली एकत्र छापले ते १९९० साली. सरकारच्या कामाला मी नावे ठेवत नाही. तो खंड फार मोलाचा आहे आणि तितका मोठा भार सरकारच उचलू जाणे. पण चौदा वर्षे आधी भुसावळातून कुणीतरी ते काम एकट्याच्या बळावर सुरू केले होते, हेही विसरू नये. आधी पायवाट पडते, सडक मागाहून होते.

आता बायकांची गोष्ट. महाडच्या परिषदांना बायका आल्या होत्या. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्यांच्यापुढे मुद्दाम भाषण केले. पण त्या कोण होत्या, घरी चूल कुणावर टाकून आल्या, परत गेल्यावर त्यांचे काय झाले, हे साठ वर्षे कुणी विचारले नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांना शोधत गेल्या, त्यांच्या ओसरीवर बसल्या, त्यांच्या तोंडून ऐकले आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. ते छापले ‘स्त्री उवाच’ या बायकांनीच चालवलेल्या छोट्या प्रकाशनाने. त्या म्हाताऱ्या आणखी दहा वर्षे थांबल्या नसत्या. पुस्तकातले मोठेपण मला यात वाटते, की ते वेळेवर झाले. वंदना सोनाळकरांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि २००८ साली दिल्लीच्या झुबान या स्त्रियांच्याच प्रकाशनाने तो काढला.

याच वंदनाताईंनी दासगावच्या एका माणसालाही इंग्रजीत नेले. सावित्रीच्या खाडीवरचे दासगाव हे एके काळी मुंबईच्या आगबोटीचे बंदर. तिथले रामचंद्र बाबाजी मोरे. महाडच्या इंग्रजी शाळेत अस्पृश्य म्हणून प्रवेश मिळेना, तेव्हा या अकरा-बारा वर्षांच्या पोराने वर्तमानपत्रात पत्र लिहिले आणि प्रवेश मिळवला. पुढे महाडात त्यांनी चहाचे दुकान थाटले. बाजाराला येणाऱ्या अस्पृश्यांना पाणीसुद्धा मिळत नसे, त्यांना तिथे टेकायला जागा झाली आणि बोलता बोलता चळवळीचा अड्डा झाला. महाडच्या परिषदेची कल्पना धरून बसलेल्यांत मोरे पुढे होते. १९३० साली ते कम्युनिस्ट झाले, १९७२ साली वारले. आठवणी लिहायला घेतल्या होत्या, त्या अपुऱ्या राहिल्या. मुलाने, सत्येंद्र मोरे यांनी, पुढचे चरित्र लिहून काम पुरे केले. मराठी पुस्तक २००३ साली आले. २०१९ साली अनुपमा राव यांच्या संपादनाने लेफ्टवर्ड या दिल्लीच्या प्रकाशनाने इंग्रजी काढले.

पेटीतल्या लगद्यात मोऱ्यांचे मराठी पुस्तक होते. ते पुन्हा शोधू लागलो, तर मला आधी मिळाले ते इंग्रजी. माझ्या मॅट्रिकपुरत्या इंग्रजीने, कोश शेजारी ठेवून, मी ते रात्री वाचू लागलो. दासगाव, लाडवली, महाडचा बाजार, ज्या रस्त्यांनी मी रोज चालतो ते रस्ते मी परक्या भाषेतून अक्षर अक्षर लावून वाचत होतो. मनाला काय वाटले ते नीट सांगता येत नाही. आपल्याच घरात खिडकीतून डोकावून पाहावे तसे झाले. दिल्लीच्या प्रकाशकाचा यात दोष नाही. त्याचे उपकारच आहेत. दोष असलाच तर आम्हा गाववाल्यांचा. मराठी पुस्तक दुकानात होते तेव्हा आम्ही ते किती घेतले? आमच्या किती शाळांनी, वाचनालयांनी घेतले? आनंद तेलतुंबडे यांचा महाडच्या सत्याग्रहावरचा भरघोस इंग्रजी ग्रंथ २०१६ साली दिल्लीच्या आकार बुक्सने काढला. त्यातही मोऱ्यांच्या आठवणींचा आधार जागोजाग दिसतो. म्हणजे दासगावच्या माणसाने मरणापूर्वी चार वह्या खरडल्या, म्हणून मोठ्या ग्रंथाला पाया मिळाला. साखळी अशी असते. एक कडी निसटली की पुढचे सारे खाली येते.

हे सारे इतिहासाचे झाले. पण मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तेव्हा कथा-कादंबरीविषयी बोललो नाही तर माझीच पात्रे मला विचारतील. महाड-पोलादपूरच्या घराघरांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्या घरांची मनीऑर्डर थांबली. संपाचे साल आणि कामगारांचे आकडे इतिहासात मिळतील. पण संपानंतर चाळीतल्या खोलीत बाप-लेक एकमेकांशी का बोलेनासे झाले, हे कुठे मिळणार? ते जयंत पवारांच्या कथांत मिळते. त्यांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा संग्रह २०१० साली लोकवाङ्मय गृहाने काढला. २०१२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेल्या गावाची व्यथा कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीत आहे. ती शब्द पब्लिकेशनने काढली आणि तिला २०२३ चा अकादमी पुरस्कार लाभला. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ २००३ साली आले ते ग्रंथाली या वाचकांच्या चळवळीतून. आणि ज्या ‘भिजकी वही’ने माझी थट्टा केली, ती अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाची. पुरस्कार मागून येतात. पहिल्या दिवशी प्रकाशकापुढे फक्त एक हस्तलिखित असते आणि कागदवाल्याचे बिल असते.

त्या बिलाची मला थोडी कल्पना आहे. माझी पहिली कादंबरी अशाच एका छोट्या प्रकाशकाने काढली, प्रती ५००. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ हा सारा खर्च आधी करायचा. पुस्तक झाले, की विक्रेत्याला सूट द्यायची. विक्रेता उधारीवर घेणार, विकले तर पैसे देणार, नाही तर गठ्ठा परत पाठवणार. वाचनालयांची खरेदी सरकारी अनुदानाच्या हप्त्यावर टांगलेली. पाचशे प्रती संपायला कैक वर्षे लागतात आणि तोवर प्रकाशकाचे पैसे गुदामात झोपलेले असतात. म्हणून पुष्कळजण प्रकाशनपूर्व सवलत देऊन आधीच ग्राहक नोंदवतात. पन्नास-शंभर वाचकांनी आगाऊ पैसे भरले तर कागद येतो. नव्या यंत्रांमुळे आता शंभर प्रतीसुद्धा छापता येतात ही सोय झाली. पण शंभर प्रतींतली एक प्रत महाडला यायची तर महाडातून कुणीतरी मागवावी लागते.

मी भाबडेपणाने बोलतो आहे असे कुणाला वाटेल. लहान प्रकाशकाचे म्हणून प्रत्येक पुस्तक सोन्याचे, असे मुळीच नाही. मुद्रणदोषांनी भरलेली, घाईने काढलेली, लेखकाची हौस भागवणारी कितीतरी पुस्तके निघतात. आणि द्वेष पसरवणारे चोपडेही कुणीतरी पदरमोड करूनच छापतो. पदरमोड हा गुण नव्हे, ते साधन आहे. वाचकाला निवड करावीच लागते. पण निवड करायला पुस्तक आधी समोर तरी हवे. मोठ्या पेढीला खप पाहावा लागतो, सरकारला वेळ लागतो; ज्या गोष्टी कुणालाच सोयीच्या नसतात त्या आधी लहान छापखान्याच्या दाराशीच येतात. वलंगकरांचे प्रश्न कुणाला सोयीचे होते? लाहोरचे भाषण कुणाला सोयीचे होते?

पाणी चढले तेव्हा माझी पेटी बुडाली, हा अपघात. पण आवृत्ती संपली आणि कुणी मागितली नाही म्हणून पुन्हा निघाली नाही, तो पूर मात्र आपणच आणतो. त्याची रेघ भिंतीवर उमटत नाही, म्हणून तो कळतही नाही.

त्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात सांगितले, “बाळ, मागे मी तुला चुकीचे सांगितले. हे सारे लिहून ठेवले ते शिपायांनी, चहावाल्यांनी, कारकुनांनी आणि म्हाताऱ्या बायकांनी. आणि ते छापले ज्यांनी, त्यांच्या खिशात फारसे पैसे नव्हते.” मग ‘आम्हीही इतिहास घडवला’ची मिळवलेली प्रत मी तिला वाचायला दिली. चार दिवसांनी परत आण म्हणालो होतो. पंधरा दिवस झाले तरी येईना. विचारले तेव्हा म्हणाली, “गुरुजी, आजीला वाचून दावते रोज. अजून र्‍हायलंय. आजी म्हनते, घाई नको.”

पुस्तक परत यायचे आहे. मला त्याची घाई नाही.

या दिवाळीला घर झाडून झाले. नवे फडताळ मी सुताराला सांगून भिंतीवरच्या रेघेच्या दोन हात वर बसवून घेतले आहे. भाऊबीजेला बहीण येईल. तिच्या ओवाळणीच्या ताटात यंदा पाकिटाबरोबर एक पुस्तक घालणार आहे, कुणा लहान प्रकाशकाकडून टपालाने मागवलेले. तुमच्याही गावचे, तुमच्याही नदीकाठचे असे एखादे पुस्तक कुठल्यातरी गुदामात पडून असेल. दिवाळी सरायच्या आत त्याला एक पत्र टाका.